जिंजातले बिऱ्हाड

परदेशात हॉटेलात उतरणे वेगळे आणि हॉटेलात बिऱ्हाड मांडणे वेगळे. दोन रात्रींचा पाहुणा आपली बॅग उघडीच ठेवतो. बारा दिवस काढायचे म्हटले, की माणूस आधी भिंतीवर खिळा शोधू लागतो! युगांडातल्या जिंजा गावी मी गेलो, तेव्हा खोलीत शिरल्याबरोबर हेच केले. खिळा नव्हता. मग खिडकीच्या गजापासून कपाटाच्या कडीपर्यंत दोरी बांधली. (ही दोरी आमची सौ. प्रत्येक प्रवासात न चुकता देते, आणि प्रत्येक वेळी मी तिची चेष्टा करतो.) दोरीवर पंचा टाकला, चिवड्याचा डबा मुंग्या लागू नयेत म्हणून पाण्याच्या बशीत ठेवला, आणि मच्छरदाणीच्या भोकांना गाठी मारल्या. मोजून सात गाठी. एवढे झाल्यावर मला त्या गावचा रहिवासी झाल्यासारखे वाटू लागले.

मी तिकडे गेलो होतो हापशांच्या मिस्त्र्यांची कार्यशाळा घ्यायला. हसू नका! आपल्या खेड्यापाड्यांत ज्याला आपण नुसता ‘हापसा’ म्हणतो, त्याचे कूळ मोठे आहे, आणि ते आपल्याच मातीतले आहे. साठीच्या दशकाच्या अखेरीस महाराष्ट्रातल्या कातळात बोअर पाडण्याचा सपाटा सुरू झाला, पण वर बसवलेले बिडाचे पंप गावभराच्या हापसण्याने पटापट मोडत. तेव्हा जालन्याच्या मिशनमधल्या मंडळींनी पोलादी पंप केला. सोलापुरात त्याच्यात सुधारणा झाली, आणि सत्तरीच्या दशकात त्या सोलापुरी पंपावरून, युनिसेफच्या मदतीने, ‘इंडिया मार्क टू’ तयार झाला. हा पंप पुढे जगभर गेला. युगांडात त्याला ‘यू-टू’ म्हणतात, आणि त्याच्या धाकट्या भावाला ‘यू-थ्री’. तेव्हा सोलापूरकडचा माणूस आपल्या सोलापुरी हापशाविषयी चार गोष्टी सांगायला निघाला, तर त्याची मान जराशी ताठ असणारच. माझी होती.

जिंजा हे गाव व्हिक्टोरिया सरोवराच्या काठी, जिथून नाईल नदी बाहेर पडते तिथेच वसलेले आहे. १९४८ साली गांधीजींच्या अस्थींचा काही भाग इथेही विसर्जित केला गेला. गावाच्या मुख्य रस्त्यावर हिंदी व्यापाऱ्यांनी बांधलेल्या जुन्या दुमजली इमारती आहेत. खाली दुकान, वर राहते घर. आमचे हॉटेल त्यांतलेच एक. दरवाजाच्या माथ्यावर सिमेंटमध्ये १९३८ हा आकडा होता. त्याच्याखालचे नाव मात्र कोणीतरी खरवडून काढले होते. १९७२ मध्ये ईदी अमीनने नव्वद दिवसांची मुदत देऊन हिंदी लोकांना देशाबाहेर घालवले, तेव्हाची ती खूण असावी. जाता-येता नजर तिकडे जाई. मधल्या चौकात तुळशीवृंदावनासारखा एक रिकामा ओटा होता आणि त्याच्याशेजारी पाण्याचा नळ. माझी खिडकी नेमकी त्या नळावर उघडे.

जेवणाचे हाल झाले नाहीत. हिरवी केळी पानात गुंडाळून वाफवतात आणि त्यांचा लगदा शेंगदाण्याच्या कालवणाशी खातात, त्याला ‘मटोके’ म्हणतात. तिसऱ्या दिवशी ते मला आवडू लागले. आणि चपातीला तिकडे चपातीच म्हणतात! रस्त्याच्या कडेला तव्यावर आम्लेट करून ते चपातीत गुंडाळून देतात, त्या पदार्थाचे नाव ‘रोलेक्स’. घड्याळाशी त्याचा काही संबंध नाही.

घड्याळाचा विषय निघालाच आहे, तर माझी फजिती सांगून टाकतो. तिकडच्या लोकांवर छाप पाडावी म्हणून मी हॉटेलच्या कारकुनाकडून लुगांडा भाषेतले आकडे पाठ केले, आणि कार्यशाळेची वेळ फळ्यावर स्वतःच्या हाताने लिहिली : ‘सावा मुनाना’, म्हणजे आठ वाजता. दुसऱ्या दिवशी सकाळी आठला मी सभागृहात हजर. नऊ वाजले, दहा वाजले, चिटपाखरू नाही. मी मनातल्या मनात त्या सबंध देशाच्या वक्तशीरपणाविषयी नको ते बोलून घेतले. दुपारी दोनच्या ठोक्याला बावीसच्या बावीस मिस्त्री सायकलींवरून आणि भाड्याच्या मोटारसायकलींवरून येऊन दाखल झाले! लुगांडात तास सूर्योदयापासून मोजतात. आपले सकाळचे सात म्हणजे त्यांचा एक, आणि त्यांचे आठ म्हणजे आपले दुपारचे दोन. विषुववृत्ताजवळ बारा महिने सूर्य जवळजवळ एकाच वेळी उगवतो, तेव्हा हा हिशेब अगदी चोख. आपले आजोबाही पंचांगातल्या घटका सूर्योदयापासूनच मोजत होते, हे मला त्या रिकाम्या सभागृहात सहा तास बसून आठवले नाही.

हॉटेलात चहा आणून देणारी एक विशी-बाविशीची मुलगी होती. पहिल्या दिवशी तिने ट्रे ठेवताना गुडघे टेकले, आणि मी दचकून उभा राहिलो. तिला वाटले, पाहुणा रागावला. वडीलधाऱ्यांना आणि पाहुण्यांना बायकांनी असे अभिवादन करायची तिकडची रीत आहे, हे मग व्यवस्थापकांनी सांगितले. तिचा पांढरा गणवेश कसा लख्ख असे! मला त्याचे कौतुक वाटे.

एका गोष्टीने मात्र मी हैराण झालो. रात्री दहा वाजले, की खिडकीखालचा नळ धो धो वाहू लागे, आणि कपडे आपटण्याचा आवाज येई. चार रात्री मी सोसले. पाचव्या दिवशी व्यवस्थापकांकडे तक्रार केली. ते फार दिलगीर झाले. त्या रात्री नळ बंद होता, आणि मी गाढ झोपलो.

इकडे कार्यशाळेत माझे पोथीवाचन चालू होते : वॉशर कधी बदलावा, साखळीला ग्रीस किती लावावे. मिस्त्री मंडळी मुकाट्याने ऐकत. सहाव्या दिवशी एक वयस्कर मिस्त्री उठले आणि त्यांनी कापडात गुंडाळलेला हातभर पाइप माझ्या टेबलावर ठेवला. आट्यांपाशी तो बिस्किटासारखा कुरतडला गेला होता. ते म्हणाले, “हा मी दोन वर्षांपूर्वी नवा बसवला होता. तुमच्या पुस्तकात हे कुठल्या पानावर आहे?”

कुठल्याच पानावर नव्हते. आपल्या दख्खनच्या काळ्या कातळातले पाणी बहुधा किंचित क्षारट. जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी पाइप त्यात वर्षानुवर्षे टिकतो. तिकडचा खडक निराळा, आणि त्यातले पाणी पुष्कळ ठिकाणी आंबटाकडे झुकणारे. कल्हई उडालेल्या पितळी भांड्यात आमसुलाचे सार ठेवावे, तसा प्रकार! आधी जस्त जाते, मग लोखंड. शेवटी आटे तुटून खालचे सगळे पाइप बोअरात पडतात. “गाव म्हणते, मीच चोरीचा माल घालतो,” मिस्त्री म्हणाले. “माझ्या बायकोलाही दुकानात ऐकवतात.”

पोथी मिटली. दुसऱ्या दिवशी सगळे त्यांच्या गावी गेलो. हापशाचा दांडा मारला, तर पहिली बादली विटकरी रंगाची. रांगेत पिवळे कॅन होते, पण थोडेच. बऱ्याच बायका पुन्हा दलदलीतल्या झऱ्याकडे जाऊ लागल्या होत्या. या पाण्याचा चहा शाईसारखा काळा होतो, त्या सांगत होत्या. एका कुंपणावर कपडे वाळत होते. पोराचा शाळेचा सदरा, एक चादर. एकेकाळी ते पांढरे असावेत. आता सगळ्यांना गंजाचा एकच रंग चढला होता.

त्या चादरीपाशी मी उभा राहिलो, आणि मला आमच्या चौकातला नळ आठवला.

हॉटेलात परतल्यावर मी व्यवस्थापकांना विचारले, रात्री नळावर कोण धुणे धुई? तीच मुलगी. घरी हापशाचे पाणी. त्यात गणवेश धुतला तर चार दिवसांत तांबडा पडतो, आणि डागाळलेला गणवेश कामावर चालत नाही. गावातल्या नळाला सरोवराचे शुद्ध केलेले पाणी येते, म्हणून काम संपल्यावर ती इथे धुऊन मग घरी जाई. माझ्या तक्रारीनंतर तिला बंदी झाली होती. मी तक्रार मागे घेतली. व्यवस्थापकांना वाटले, या पाहुण्याचे डोके ठिकाणावर नाही. तिची क्षमा मागायला गेलो, तर ती पुन्हा गुडघे टेकून बसली. आता काय बोलावे?

उरलेले दिवस मी शिकवले थोडे आणि लिहून घेतले फार. कोणत्या गावात पाइप किती वर्षे टिकला, याची यादी बावीस जणांनी मिळून केली. प्लास्टिकचा किंवा न गंजणाऱ्या पोलादाचा पाइप घालावा, यावर एकमत झाले. जास्तीचे पैसे गावाकडून कसे मागायचे, यावर शेवटच्या दिवसापर्यंत वाद चालू होता. वयस्कर मिस्त्री कुरतडलेला पाइप परत न्यायला तयार नव्हते. “तुमच्या सोलापूरला दाखवा,” म्हणाले. विमानतळावरच्या तपासणीत त्या पाइपाने मला पाऊण तास उभे केले.

निघायच्या आदल्या रात्री दोरी सोडली, बॅग भरली, चिवड्याचा उरलेला डबा चौकातल्या ओट्यावर नेऊन ठेवला. दहा वाजता नळ सुरू झाला. बराच वेळ चालू होता.