विश्लेषण : डेडलिफ्टमध्ये पाठीआधी पकड का सुटते? हुक ग्रिप, मिक्स्ड ग्रिप आणि स्ट्रॅप कधी वापरावेत?

९ जुलै २०१६ रोजी इंग्लंडमधील लीड्स येथे एडी हॉल या ब्रिटिश स्ट्राँगमनने ५०० किलोची डेडलिफ्ट केली. जमिनीवरून अर्धा टन उचलणारा तो पहिला माणूस. वजन खाली ठेवताच तो कोसळला, नाकातून रक्त आले आणि ती चित्रफीत जगभर पाहिली गेली. पुढे २ मे २०२० रोजी आइसलँडच्या हाफथॉर ब्यॉर्नसनने ५०१ किलो उचलून तो विक्रम मोडला. या दोन्ही चित्रफितींतली एक गोष्ट मात्र सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. दोघांच्याही मनगटांना पट्ट्या होत्या आणि त्या पट्ट्या दांड्याभोवती गुंडाळलेल्या होत्या.

स्ट्राँगमन स्पर्धांत याला मुभा असते, पॉवरलिफ्टिंगमध्ये नसते. आइसलँडच्याच बेनेडिक्ट मॅग्नुसनने २०११ मध्ये ४६० किलो उचलले, ते पट्ट्यांशिवाय. या दोन आकड्यांतला फरक केवळ पट्ट्यांमुळे पडला, असे म्हणणे चुकीचे ठरेल. स्ट्राँगमनमध्ये खास ताणाचा डेडलिफ्ट सूटही चालतो आणि दांडाही वेगळा असतो. तरीही ‘कोणी किती उचलले’ हे सांगताना ‘कशाने धरून’ हे सांगितले नाही, तर माहिती अर्धवटच राहते.

साध्या जिममधल्या माणसाला ५०० किलोशी देणेघेणे नसते. प्रश्न मात्र त्याच्यापुढेही तोच येतो. १२० किंवा १४० किलोला पाय तयार असतात, पाठ तयार असते, दांडा गुडघ्याच्या वर येतो आणि तिथे बोटे उघडायला लागतात. अशा वेळी कोणी शेजारच्याकडून स्ट्रॅप मागून घेतो, कोणी एक हात उलटा करतो, कोणी हातमोजे चढवतो. यातला एक उपाय उपयोगाचा, एक जपून करण्याचा आणि एक बहुतेक वेळा निरुपयोगी आहे.

हात आधी का हार मानतो?

डेडलिफ्टमध्ये काम करणारे मांडीचे, नितंबांचे आणि पाठीचे स्नायू शरीरातले सर्वांत मोठे स्नायू आहेत. बोटे मिटवणारे स्नायू मात्र कोपरापासून मनगटापर्यंतच्या भागात असतात आणि तुलनेने बारीक असतात. मोठ्यांनी उचललेले सगळे ओझे शेवटी या लहानांच्या हवाली होते.

त्यात दांडा गोल. दोन्ही तळवे स्वतःकडे वळवून दांडा धरला, म्हणजे डबल ओव्हरहँड पकड घेतली, की चार बोटे एका बाजूने येतात आणि त्यांना विरोध करायला एकटा अंगठा उरतो. वजन वाढले की दांडा बोटांच्या टोकांकडे गडगडत जातो आणि अंगठा उघडतो. दोन्ही हातांत तो एकाच दिशेने गडगडत असल्यामुळे त्याला अडवणारे काहीच नसते.

दांड्याची जाडीही इथे निर्णायक ठरते. पॉवरलिफ्टिंगचा दांडा साधारण २८ ते २९ मिलिमीटर जाड असतो. काही संघटनांच्या स्पर्धांत डेडलिफ्टसाठी २७ मिलिमीटरचा लवचिक दांडा वापरतात. एक-दोन मिलिमीटरने काय होते, असे वाटेल. पण विसाव्या शतकाच्या सुरुवातीला थॉमस इंच या ब्रिटिश बलवानाचा एक डंबेल प्रसिद्ध होता. वजन सुमारे ७८ किलो, मूठ मात्र जवळपास ६ सेंटीमीटर जाड. ७८ किलो म्हणजे कसलेल्या माणसासाठी फार नव्हे, तरी भलेभले तो एका हाताने जमिनीवरून हलवू शकत नसत. बोटांचा विळखा पूर्ण होत नसेल, तर ताकद असून उपयोग नसतो. जिममधला एखादा जुना, गुळगुळीत झालेला जाड रॉड अचानक ‘जड’ वाटतो त्यामागेही हेच कारण असते. दांड्यावरची खरबरीत नक्षी, म्हणजे नर्लिंग, झिजली की पकडही गेली.

दांडा तळव्यात नव्हे, बोटांच्या मुळाशी

स्ट्रॅप विकत घेण्याआधी करून पाहावा असा एक फुकटचा उपाय आहे. नवशिके दांडा तळव्याच्या मधोमध धरतात. ती पकड भक्कम वाटते, पण वजन उचलताच दांडा खाली सरकतो आणि तळव्याची कातडी सोबत ओढून बोटांच्या मुळाशी तिची घडी पाडतो. घट्टे तिथेच पडतात आणि फाटतातही तिथेच. दांडा शेवटी जिथे जाणार, तिथेच तो पहिल्यापासून ठेवावा, म्हणजे बोटांच्या मुळाशी असलेल्या रेषेवर. यात आणखी एक फायदा पदरात पडतो. हात किंचित लांब झाल्यासारखा होतो आणि दांडा तेवढा कमी उंच न्यावा लागतो.

घट्टे फार वाढू देऊ नयेत. आंघोळीच्या वेळी टाचांना लावायची वजरी हलक्या हाताने तळव्यावरही फिरवली तरी पुरते.

दुसरा स्वस्त उपाय म्हणजे चॉक. नाव चॉक असले तरी हा शाळेतला खडू नव्हे. फळ्यावरचा खडू कॅल्शियमच्या संयुगांचा असतो. व्यायामपटू वापरतात ते मॅग्नेशियम कार्बोनेट, जे घाम शोषून घेते. कोकणपट्टीतल्या दमट हवेत तर फरक पहिल्याच सेटला कळतो. अनेक जिम भुकटीचा पसारा नको म्हणून चॉकला बंदी घालतात; तिथे अल्कोहोलमध्ये कालवलेला द्रवरूप चॉक चालतो, कारण तो हातावरच वाळतो आणि जमिनीवर सांडत नाही.

ही कल्पना मराठी माणसाला नवी नाही. कुस्तीत डाव टाकण्याआधी पैलवान हाताला माती चोळतो ते उगाच नाही. मल्लखांबावर एरंडेल तेल आणि राळ दोन्ही वापरतात. घर्षण किती हवे, हे ठरवण्याचीच ती रीत. पॉवरलिफ्टिंगच्या मंचावरही दोन पांढऱ्या भुकट्या असतात. हातांना चॉक, आणि दांडा मांड्यांवरून सरकावा म्हणून मांड्यांना टाल्कम पावडर. दोन्हींची कामे नेमकी उलट आहेत. टाल्कमचा हात दांड्याला लागला, तर महिनोन्‌महिन्यांची तयारी तिथेच निसटू शकते, म्हणून अनुभवी खेळाडू पावडर शक्यतो दुसऱ्याकडून लावून घेतात.

मिक्स्ड ग्रिप : बळकट, पण दंडावर लक्ष हवे

एक तळवा आत, दुसरा बाहेर ही पकड जिममध्ये सर्वाधिक दिसते. तिचे गमक साधे आहे. एका हातात दांडा बोटांकडे गडगडू पाहतो तेव्हा दुसऱ्या हातात तोच दांडा तळव्याकडे ढकलला जातो. दोन्ही हालचाली एकमेकींना काटतात आणि दांडा जागच्या जागी राहतो. ओव्हरहँडने न टिकणारे वजन त्यामुळे लगेच टिकते, शिकायलाही वेळ लागत नाही.

किंमत मात्र उलट्या हाताला मोजावी लागते. तळवा समोर वळवला की दंडातला बायसेप्स ताणलेल्या अवस्थेत कामाला लागतो. अशा वेळी कोपर जरा वाकवून वजन ‘ओढण्याचा’ प्रयत्न झाला किंवा ढिल्या हातांनी एकदम हिसका दिला, तर कोपराजवळ बायसेप्सला हाडाशी जोडणारा कंडरा फाटू शकतो. डेडलिफ्ट करताना झालेल्या अशा दुखापतींत बहुतेक वेळा उलटा धरलेला हातच सापडतो. धूम्रपान आणि ॲनाबॉलिक स्टेरॉइडचा वापर हे त्यातले माहीत असलेले धोके आहेत. स्टेरॉइडने स्नायू झपाट्याने वाढतो, कंडरा त्या वेगाने वाढत नाही.

म्हणून उलटा हात दोरीसारखा सरळ ठेवायचा. उचलण्याआधी दांड्यातली ढील काढून घ्यायची, आणि हात सेटगणिक बदलायचे. नेहमी उजवाच हात उलटा ठेवणाऱ्यांचा दांडा एका बाजूने पुढे फिरू लागतो आणि पाठीलाही तीच तिरकी सवय लागते. कोपराजवळ ‘फट्’ असा आवाज येऊन दुखू लागले, काळेनिळे झाले किंवा दंडाचा गोळा वर सरकल्यासारखा दिसला, तर मालीश करत, शेक देत बसू नये. शस्त्रक्रिया लागणार असेल तर ती पहिल्या दोन-तीन आठवड्यांत सोपी जाते. नंतर कंडरा आखडतो. त्यामुळे अस्थिरोगतज्ज्ञाकडे त्याच आठवड्यात जाणे महत्त्वाचे.

हुक ग्रिप : दुखते, पण टिकते

२०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत ५५ किलो गटात रौप्यपदक मिळवणारा सांगलीचा संकेत सरगर ज्या खेळातला, त्या भारोत्तोलनात स्नॅच आणि क्लीन या दोन्ही प्रकारांत जवळपास सगळेच खेळाडू हुक ग्रिप वापरतात. दोन्ही तळवे स्वतःकडेच राहतात. फक्त अंगठा आधी दांड्याला लपेटायचा आणि तर्जनी व मधले बोट त्या अंगठ्यावर चढवायचे. अंगठा दांडा आणि बोटे यांच्यात पाचरीसारखा अडकतो. दांडा गडगडायला लागला की तो अंगठ्याला आणखी आत दाबतो, म्हणजे निसटण्याचा प्रयत्नच पकड घट्ट करतो. दोन्ही हात सारखे असल्याने तिरकेपणा नाही, आणि बायसेप्सवर उलट्या हाताचा ताणही नाही.

अडचण एकच, ही पकड दुखते. पहिले काही आठवडे अंगठा बधिर होतो, नखाखाली काळे पडू शकते. अनेक जण दुसऱ्याच दिवशी सोडून देतात, त्यात नवल नाही. हलक्या वजनांपासून सुरुवात केली, अंगठ्याला ताणली जाणारी चिकटपट्टी लावली आणि दर आठवड्याला थोडे वजन वाढवले, तर सवय होते. आंतरराष्ट्रीय पॉवरलिफ्टिंग महासंघाच्या नियमांतही अंगठ्याभोवती पट्टीचे दोन थर चालतात. अंगठा फारच आखूड असेल तर मात्र बोटे त्याच्यावर नीट चढत नाहीत. अशांसाठी मिक्स्ड ग्रिपच बरी. ज्याला स्पर्धेत उतरायचे आहे आणि ज्याच्या हाताला जमते, त्याने दोन महिने त्रास सोसून हुक ग्रिप शिकणे हा या सगळ्यातला सर्वांत फायद्याचा सौदा आहे.

स्ट्रॅप म्हणजे फसवणूक का?

बाजार समितीतला हमाल पोत्याला लोखंडी आकडा लावतो, तेव्हा त्याला कोणी ‘हाताने उचल’ म्हणत नाही. त्याचे काम पोते हलवण्याचे असते. स्ट्रॅपचा हिशेबही असाच आहे. ज्या दिवशी पाठ आणि मांड्यांना दमवायचे आहे, १०-१२ वेळा रोमानियन डेडलिफ्ट करायची आहे, त्या दिवशी बोटे थकली म्हणून पाठीचा व्यायाम अर्धवट सोडण्यात अर्थ नाही.

घोटाळा होतो तो ६० किलोच्या वॉर्म-अपलाही स्ट्रॅप बांधणाऱ्यांचा. पाठ १८० किलोची आणि हात ८० किलोचा, अशी ही विषम वाढ होते. वॉर्म-अपचे सगळे सेट उघड्या हातांनी ओव्हरहँड करावेत; ती पकड सुटू लागली की हुक किंवा मिक्स्ड; सर्वांत जड सेट झाल्यावर उरलेल्या फेऱ्या स्ट्रॅपने. एवढा क्रम पाळला तरी पकड मागे पडत नाही.

स्ट्रॅप गुंडाळण्याची दिशा हमखास चुकते. पट्टी अंगठ्याच्या दिशेने, म्हणजे दांड्याच्या खालून पुढे आणि मग वर अशी जायला हवी. बोटे वरून येतात, पट्टी खालून येते. दोन्ही एकाच दिशेने गुंडाळल्या तर दांडा दोघांनाही एकदमच सोडवतो. मग दांडा स्वतःकडे फिरवून पट्टी आवळायची. इंग्रजी आठच्या आकड्यासारखे दुहेरी फास असलेले स्ट्रॅप सर्वांत घट्ट बसतात, पण त्यांतून हात पटकन सुटत नाही. ते डेडलिफ्टपुरतेच ठेवावेत. आणि क्लीन करताना कोणताही स्ट्रॅप नको. वजन खांद्यावर घेताना हात मोकळा झाला नाही, तर मनगट किंवा कोपर जाते.

हातमोज्यांबद्दल फार बोलण्यासारखे नाही. ते घट्ट्यांपासून वाचवतात, पण दांडा जाड करतात आणि कापड कातडीवर सरकते, त्यामुळे जड वजनाला पकड उलट कमी होते. दुकानात स्ट्रॅप मागितल्यावर पुष्कळदा रिस्ट रॅप हातात ठेवतात. ते बेंच प्रेसमध्ये मनगटाला आधार देणारे पट्टे आहेत, पकडीशी त्यांचा संबंध नाही. कमरेचा पट्टाही पोटातला दाब वाढवून कण्याला आधार देतो, हाताला नव्हे.

पकड वाढवायची असेल, तर महागड्या साधनांची गरज नाही. शेवटच्या रिपला दांडा वरच १० ते १५ सेकंद धरून ठेवावा. आठवड्यातून दोनदा लोखंडी बारला लोंबकळावे. दोन्ही हातांत जड डंबेल घेऊन जिमच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालावे. आखाड्यात मुद्गल आणि करेल फिरवणाऱ्यांची मनगटे अशीच तयार होत. बोटांचे स्नायू लहान असले तरी त्यांचे कंडरे सावकाश बळकट होतात, त्यामुळे फरक महिन्यांच्या हिशेबाने दिसतो. तेवढ्या काळात दर आठवड्याला वाढवायचे असते ते थोडेसे वजन किंवा दोन-तीन सेकंद. दोन्ही एकदम नाही.