पत्रा कापावा की गाडी उचलावी: जिप्सीच्या मोठ्या टायरांचा मागोवा

जिप्सीला मोठे टायर बसवायचे तर जागा दोनच ठिकाणांहून मिळते. एक तर पाट्यांवर गाडी उचलायची, नाही तर चाकावरच्या कमानीचा पत्रा कापायचा. सह्याद्रीत आणि कोकणात जिप्सी घेऊन चिखलात उतरणाऱ्यांमध्ये हा वाद अनेक वर्षं रंगला. मी पत्रा कापणाऱ्यांच्या बाजूचा होतो आणि आजही आहे. आता जिप्सी बाजारात येणं थांबलंय, कायदा कडक झालाय, आणि एकेकाळी कापलेले पत्रे परत जोडून मागणारे लोक गॅरेजात येऊ लागलेत. तेव्हा या सगळ्याचा सलग मागोवा घ्यायला हरकत नाही.

जिप्सीच्या आधी आपल्याकडे फोर बाय फोर म्हणजे महिंद्राची जीप. तिचे 6.00-16 मापाचे टायर अरुंद आणि उंच होते. पावसाळ्यात काळ्या रानातून ती पार व्हायची ती बरीचशी या अरुंदपणामुळे. चिखल फार खोल नसला तर टायर वरचा मऊ थर कापत खालच्या घट्ट थरापर्यंत पोचायचा आणि तिथे पकड घ्यायचा. वरती सपाट, मोकळे मडगार्ड. चाकाभोवती इतकी जागा होती की पत्र्याला हात लावायची वेळ सहसा यायची नाही.

डिसेंबर 1985 मध्ये मारुतीची जिप्सी आली. एमजी 410 हे तिचं पहिलं रूप, सुझुकीच्या एसजे 410 ची लांब आवृत्ती. 970 सीसीचं पेट्रोल इंजिन, 45 अश्वशक्ती, चार गिअर, पुढे-मागे पाटे आणि वजन टनाच्या आसपास. जीपपुढे ती हलकी होती, आणि चिखलात हलकेपणासारखं दुसरं भांडवल नाही. पण 45 अश्वशक्तीत जड टायर फिरवायचे म्हणजे चढावर गाडीचा जीव जायचा, म्हणून सुरुवातीच्या वर्षांत टायरांच्या वाटेला फारसं कुणी गेलं नाही. 1993 मध्ये दोन चाकांमधलं अंतर वाढवलं. पुढचं 1210 मिलिमीटरवरून 1300 वर गेलं. 1996 मध्ये 1300 सीसी इंजिन आणि पाच गिअर घेऊन जिप्सी किंग आली आणि 2000 मध्ये सोळा व्हॉल्व्हचं, 80 अश्वशक्तीचं एमपीएफआय इंजिन आलं. मोठ्या टायरांचा विचार खऱ्या अर्थाने सुरू झाला तो किंगपासून, कारण ते ओढायची ताकद तेव्हा कुठे हाताशी आली.

किंगला कंपनीकडून यायचे 205/70 आर 15 मापाचे टायर. हिशेब केला तर चाकाची उंची भरते 668 मिलिमीटर. रस्त्यावर हे माप छान, पण घाटमाथ्यावरच्या बैलगाडीच्या वाटेवर दोन चाकोऱ्यांमधला उंचवटा नेमका डिफरन्शियलच्या गोळ्याला भिडायचा. इथे एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे, कारण सगळा वाद तिच्यावरच उभा आहे. जिप्सीचे दोन्ही एक्सल सलग आहेत. तुम्ही पाट्यांवर गाडी कितीही उंच करा, एक्सल आणि त्याचा गोळा जमिनीपासून जितका होता तितकाच राहतो. चेसिस वर जाते, बॉडी वर जाते, तुमची सीट वर जाते. गोळा वर नेतो तो फक्त टायर, आणि तोही वाढलेल्या उंचीच्या निम्म्यानेच.

म्हणजे 215/75 आर 15, जो बोलेरोमुळे गावोगावच्या टायरवाल्याकडे मिळू लागला, तो घातला की चाक होतं साधारण 703 मिलिमीटरचं आणि गोळा उचलला जातो पावणेदोन सेंटिमीटर. 235/75 घातला तर चाक 733, गोळा सव्वातीन सेंटिमीटर वर. आणि 31 इंची टायर म्हणजे कागदावर 787, गोळा जवळजवळ सहा सेंटिमीटर वर. रिमची अडचण नव्हती. जुन्या जीपचं आणि जिप्सीचं पाच बोल्टांचं वर्तुळ एकच, 139.7 मिलिमीटरचं. पुण्यात नाना पेठेत हिंडलं की काही ना काही हाती लागायचं.

215 बहुतेक गाड्यांत फारशी कुरकुर न करता बसायचा. 235 ला स्टिअरिंग पूर्ण वळवलं की कमानीच्या मागच्या खालच्या कोपऱ्यात घासल्याचा आवाज यायचा. 31 तर कापल्या-उचलल्याशिवाय शक्यच नव्हता. मग पहिल्या पिढीने काय केलं, तर गाड्या उचलल्या. सोपा मार्ग म्हणजे लांब शॅकल लावणं. त्याहून मोठा उपाय पाट्याची जागा बदलण्याचा. जिप्सीत पाटा एक्सलच्या खालून जातो, तो वरून घेतला की गाडी साधारण पाच इंच वर जाते. दिसायला रुबाबदार! चौकात उभी केली की माणसं वळून बघायची. पण ते पाच इंच गाडीच्या वजनाचा मध्य सोबत घेऊन वर जायचे, आणि खाली चाकांमधलं अंतर तेवढंच राहायचं. प्रॉपेलर शाफ्टचे कोन बिघडायचे, स्टिअरिंगचा दांडा तिरका व्हायचा, ब्रेक मारला की पाटा पिळायचा. आडव्या उतारावर, जिथे एक बाजू वर आणि एक बाजू खाली असते, तिथे अशा गाडीत बसणाऱ्याच्या पोटात गोळा यायचा.

ही भीती नुसती मनाची नव्हती. जिप्सीच्याच घराण्यातली गाडी अमेरिकेत सॅमुराई नावाने विकली जायची. 1988 मध्ये तिथल्या कन्झ्युमर रिपोर्ट्स मासिकाने चाचणीत ती उलटायला आल्याचं सांगून तिला अस्वीकारार्ह ठरवलं. सुझुकीने 1996 मध्ये मासिकावर दावा लावला आणि 2004 मध्ये तो तडजोडीने मिटला. त्या चाचणीच्या पद्धतीबद्दल दोन्ही बाजूंनी बरंच बोललं गेलं, ते तूर्त बाजूला ठेवू. पण अरुंद आणि आखूड गाडीत उंचीची किंमत काय असते हा प्रश्न त्या निमित्ताने साऱ्या जगापुढे आला, आणि आपल्याकडे पाच इंच उचललेल्या जिप्सीत तो प्रश्न आणखी टोकदार होता.

म्हणून कापणं. टायर मोठा हवा कारण गोळा वर हवा, आणि उचलायचं ते फक्त टायरला जागा व्हावी म्हणून. तीच जागा पत्र्यातून मिळत असेल तर वजन वर न्यायचंच कशाला? पहिल्यांदा गाडीला ग्राइंडर लावताना हात थरथरतो, तो भाग वेगळा. लोकांना पाटे बदलणं ही सुधारणा वाटायची आणि पत्रा कापणं ही मोडतोड. माझ्या मते हे अगदी उलट होतं. कापलेल्या गाडीचं स्टिअरिंग, शाफ्ट, पाटे सगळं कंपनीने दिलं तसंच राहायचं.

काम जवळून बघण्यासारखं असायचं. जाणता डेंटर आधी कटरला हातच लावायचा नाही. तो एक चाक जॅकवर किंवा उंच ठोकळ्यावर चढवायचा, समोरचं खाली सोडायचा, म्हणजे एका बाजूचा पाटा पूर्ण दबायचा. पाटा दबला की सरळ होतो, सरळ झाला की लांबतो, त्यामुळे चाक वर जाताना थोडं पुढे-मागेही सरकतं. गाडी सपाट जमिनीवर उभी असताना घेतलेलं माप म्हणूनच फसवं. मग स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवायचं आणि टायर जिथे जवळ येईल तिथे खडूची खूण करायची. चिकटपट्टीवर रेघ आखून दोन्ही बाजू ताडून बघायच्या, कारण जुन्या गाडीच्या दोन बाजू सहसा सारख्या नसतात.

पुढचं काम सोपं. पुढचे फेंडर बोल्टवर बसवलेले असतात, एकेरी पत्रा, काढून टेबलावर ठेवून कापता येतात. कापताना कडेपासून दोन बोटं पत्रा जास्त सोडायचा आणि तो हातोडीने आत वळवायचा. कच्ची कड सोडली तर ती टायर चिरते, धुताना हातही चिरते. बंपरचा कोपरा आणि आतला चिखल अडवणारा पत्राही थोडा मारावा लागतो. मागे मात्र परीक्षा. तिथे बाहेरचा पत्रा आणि आतली चाकाची पेटी एकमेकांना कडेवर डाग मारून जोडलेली असते. ती कड कापली की दोन्ही पत्रे सुटे होतात आणि मधली पोकळी उघडी पडते. चांगला कारागीर आतल्या पत्र्याला ठरावीक अंतरावर चिरा देऊन तो बाहेरच्याला भिडवायचा, थोड्या-थोड्या टप्प्याने वेल्डिंग मारायचा, म्हणजे पत्रा तापून वाकडा होत नाही. मग रेड ऑक्साइड, सीलंट, रंग आणि वरून रबरी पट्टी.

ज्यांच्याकडे हा शेवटचा भाग घाईत उरकला गेला त्यांचे हाल झाले. कोकणातली हवा आणि सलग पावसाचे महिने. सीलंट नसलेल्या कडेतून पाणी पोकळीत शिरायचं आणि दोन पावसाळ्यांत पत्रा आतून खाल्ला जायचा. बाहेरून रंग शाबूत, बोट दाबलं की आरपार. माझ्या ओळखीतल्या एका जिप्सीची मागची सगळी बाजू अशी गेली. कापणं वाईट अशी ओरड तिच्याकडे बोट दाखवून केली जायची, पण तिथे दोष होता कड उघडी ठेवण्याचा.

टायर बसले म्हणून गोष्ट संपत नव्हती. चाक मोठं झालं की वेगकाटा कमी दाखवतो. 235 वर काटा 60 दाखवताना गाडी 66 ने पळत असते, 31 वर जवळजवळ 71 ने. चढावर गिअर उंच पडल्यासारखे वाटतात, ब्रेकला जास्त जोर लागतो. आणि पुढच्या एक्सलमधले सांधे, ज्यांना मेकॅनिक बर्फिल्ड म्हणतात, ते 31 इंचांखाली तुटायचे. स्टिअरिंग पूर्ण वळलेलं, चाक दगडात अडकलेलं आणि ड्रायव्हरने अॅक्सिलरेटर दाबला की कडकन आवाज. म्हणून रस्ता आणि रान दोन्ही करणाऱ्या जिप्सीला 235 आणि नेटका कापलेला पत्रा इथे थांबावं, हे माझं मत तेव्हाच पक्कं झालं.

ताडोब्यात, मेळघाटात, पेंचमध्ये पर्यटकांना फिरवणाऱ्या जिप्सी बघा. दिवस उगवायच्या आधीपासून कच्च्या रस्त्यावर, दिवसातून दोन फेऱ्या, वर्षानुवर्षं. त्यातल्या बहुतेकींचे टायर साध्याच मापाचे. वाट ठरलेली आणि वेग कमी असला की ही गाडी मुळातच पुरेशी आहे.

दुसरं टोक गोव्यात दिसलं. मलेशियात 1997 मध्ये सुरू झालेल्या रेनफॉरेस्ट चॅलेंजची भारतातली पहिली स्पर्धा 2014 च्या ऑगस्टमध्ये गोव्यात झाली. भर पावसात, लाल मातीच्या घळींत, विंच लावून गाड्या वर ओढायच्या. तिथल्या जिप्सींना कमान अशी उरलीच नव्हती. पाइपांचा पिंजरा आणि त्यात जेमतेम मावणारी प्रचंड चाकं. मला त्या आवडल्या. कापायचं कशासाठी याचं उत्तर तिथे स्वच्छ होतं.

2019 हे वर्ष सगळ्यांना एकदम भेटलं. सुरक्षेचे नवे नियम येत होते, ते पेलणं जिप्सीला शक्य नव्हतं आणि सामान्य ग्राहकांसाठी तिची विक्री थांबली. त्याच जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 चा अर्थ स्पष्ट केला, की उत्पादकाने दिलेल्या मूळ रचनेशी विसंगत असा बदल वाहनात करता येणार नाही. पाठोपाठ कायद्यात दुरुस्ती होऊन कलम 182 अ आलं. परवानगी नसलेला बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दर बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. मला हे कठोर वाटतं. नीट कापलेली 235 ची जिप्सी आणि पाच इंच उचललेली जिप्सी कायद्याच्या नजरेत एकाच रांगेत उभ्या राहतात. पण रस्त्यावर इतर माणसं असतात, आणि कमानीबाहेर आलेल्या टायरने उडवलेला दगड मागच्या दुचाकीवाल्याला लागतो हेही खरं आहे.

2020 मध्ये आलेल्या नव्या थारच्या साध्या मॉडेलला कारखान्यातूनच 245/75 आर 16 टायर आले. उंची 774 मिलिमीटर, म्हणजे साडेतीस इंच. ज्या मापासाठी आम्ही ग्राइंडर चालवले ते आता शोरूममध्ये वॉरंटीसकट मिळतं. 2023 ची पाच दारांची जिम्नी मात्र 195/80 आर 15 वरच उभी आहे, 693 मिलिमीटरवर.

आणि आता कामाची दिशा फिरली आहे. जिप्सी बंद झाल्यापासून मूळ अवस्थेतल्या गाडीला भाव आला. पंधरा वर्षं उलटलेल्या गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी नव्याने करून घ्यावी लागते, तेव्हा तपासणीत गाडी मूळ रूपात असलेली बरी. पुढचे फेंडर बदलणं म्हणजे बोल्ट सोडायचे आणि दुसरे लावायचे, एका दुपारचं काम. मागे मात्र कापलेल्या कमानीची गोलाई नव्या पत्र्यावर हाताने ठोकून काढावी लागते, आतली पेटी उभारावी लागते, कडेला पुन्हा डाग मारावे लागतात. अशी गोलाई काढणारे डेंटर थोडे उरलेत आणि ते पैसे मागतात तेवढे द्यावेत. आज कुणी जुनी जिप्सी घेऊन मोठ्या टायरांबद्दल विचारायला आलं तर मी त्याला मूळ मापात चिखलाच्या नक्षीचा टायर शोधायला सांगतो. कापायचंच असेल तर ती गाडी स्पर्धेची ठेवावी, मैदानापर्यंत ट्रेलरवर न्यावी, आणि कड त्याच दिवशी बंद करून घ्यावी.