सोंग आणि माणूस

जत्रेचे दिवस आले की आपल्या सातारा-सांगली भागात तमाशाचे तंबू उभे राहतात. पालीच्या खंडोबाला जावे, नाहीतर औंधच्या यमाईला. रात्री ढोलकी ऐकू येतेच. आधी गण होतो, मग गवळण लागते. कृष्ण वाट अडवतो आणि गवळणींबरोबर मावशी येते. ही मावशी म्हणजे लुगडे नेसलेला पुरुषच. तिचे बोलणे ऐकून सारा तंबू हसतो.

दुसऱ्या दिवशी बाजारात एक तृतीयपंथी येते. तिच्याही अंगावर लुगडेच असते. पण आता कोणी तोंड फिरवतो, कोणी घाण शब्द बोलतो. पोरे खडे मारतात.

असे का होते? रात्री टाळ्या आणि दिवसा खडे, असे का?

आमच्या रात्रीच्या वर्गात एकदा यावर बोलणे निघाले. सगळे बोलले. एक बाई मात्र गप्प होत्या. वर्ग सुटल्यावर त्या मागे थांबल्या आणि हळूच म्हणाल्या, "ताई, माझा धाकटा पोरगा बांगड्या घालतो. मी मुलगीच हाय म्हणतो. त्याचा बाप मारतो त्याला. मी काय करू?"

त्या बाईंना आम्ही जे सांगितले, तेच इथे लिहितो.

आधी सोंगाची गोष्ट समजून घेऊ. मराठी नाटकाची सुरुवात सांगलीत झाली असे मानतात. १८४३ साली विष्णुदास भावे यांनी तिथे 'सीता स्वयंवर' हे नाटक केले. त्या काळी बायका नाटकात काम करीत नसत. म्हणून सीतेचे कामही पुरुषच करी. तमाशातही तसेच होते. पायात चाळ बांधून नाच्या पोरगा नाचे. बायका तमाशाच्या फडात आल्या त्या पुढे.

बायकांची कामे करणाऱ्यांत सर्वांत मोठे नाव बालगंधर्वांचे. त्यांचे खरे नाव नारायण श्रीपाद राजहंस. पलूस तालुक्यातले नागठाणे हे त्यांचे गाव म्हणून ओळखले जाते. १९०५ साली मिरजेत ते शकुंतला होऊन रंगमंचावर आले. पुढे त्यांची भामिनी, रुक्मिणी, सिंधू महाराष्ट्राने डोक्यावर घेतली. त्यांच्यासारखे लुगडे नेसावे, त्यांच्यासारखा गजरा माळावा, असे मोठमोठ्या घरच्या बायकांना वाटे. १९६४ साली सरकारने त्यांना पद्मभूषण दिले. पुरुषाने लुगडे नेसले म्हणून कोणाची अब्रू गेली नाही.

पण सगळ्यांच्या वाट्याला असा मान आला नाही. कोल्हापूरचे नट गणपत पाटील यांचे बघा. तमाशाच्या अनेक चित्रपटांत त्यांनी नाच्याचे काम केले. काम इतके हुबेहूब की लोक त्यालाच खरे समजले. त्यांना बायको होती, मुलेबाळे होती. तरी लोक संशय घेत, चेष्टा करीत. घरच्यांनाही ते सोसावे लागले. २००८ साली ते वारले. पडद्यावरचे सोंग माणसाला घरापर्यंत चिकटते, ते असे. आनंद यादव यांच्या 'नटरंग' कादंबरीत नाच्याचे असेच दुःख आहे. रवी जाधव यांनी तिच्यावर काढलेला चित्रपट २०१० साली आला आणि गावोगाव लोकांनी तो पाहिला.

आता नीट ध्यानात घ्या. बालगंधर्व काय, गणपत पाटील काय, हे पुरुष होते. बाईचे किंवा नाच्याचे काम ही त्यांची कला होती. काम संपले की ते रंग पुसून घरी जात. तृतीयपंथी माणसाचे तसे नाही. मूल जन्मते तेव्हा सुईण अंग बघून मुलगा की मुलगी ते सांगते. बहुतेकांना मोठेपणीही तसेच वाटते. पण काहींना आतून तसे वाटत नाही. अंग मुलाचे, पण मन म्हणते मी मुलगी आहे. कोणाचे याच्या उलट असते. हे नाटक नाही. हे रात्री पुसून टाकता येत नाही. हा रोग नाही, आईबापांचे पाप नाही, देवीचा कोपही नाही.

देवीचे नाव निघाले म्हणून आणखी एक गोष्ट सांगतो. आपल्या सीमाभागात यल्लम्माला मुले वाहण्याची चाल होती. मुलीला जोगतीण करीत आणि मुलाला लुगडे नेसवून जोगता करीत. २००९ साली 'जोगवा' हा चित्रपट आला. त्याला आधार झालेल्या लेखनात सांगली जिल्ह्यातील मळणगावच्या चारुता सागर यांची एक कथा आहे. चित्रपटातल्या तायप्पाला लुगडे नको असते, पण घरचे आणि गावचे त्याला सोडत नाहीत. उपेंद्र लिमये यांना या कामाबद्दल राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. देवाला मुली वाहण्याची चाल बंद व्हावी म्हणून महाराष्ट्राने २००५ साली कायदा केला.

तायप्पाचे हाल बघून आपल्या डोळ्यांत पाणी येते. का? नको असताना त्याला लुगडे नेसवले म्हणून. मग ज्याला आतून लुगडे हवे आहे, त्याला मारून विजार घालायला लावतो, तेव्हा काय करतो आपण? जबरदस्ती तीच. फक्त कपडा बदलला.

देशाच्या कायद्यानेही ही गोष्ट मानली. १५ एप्रिल २०१४ रोजी सुप्रीम कोर्टाने निकाल दिला आणि तृतीयपंथीयांना तिसरे लिंग म्हणून मान्यता दिली. या खटल्यात ठाण्याच्या लक्ष्मी नारायण त्रिपाठी यांनी बाजू मांडली होती. २०१९ साली संसदेने कायदा केला. शाळेत, नोकरीत, दवाखान्यात तृतीयपंथीयांशी भेदभाव करू नये, असे त्यात लिहिले. ही माणसे थोडीथोडकी नाहीत. २०११ च्या जनगणनेत स्त्री किंवा पुरुष असे न लिहिता 'इतर' असे लिहिलेले देशात पावणेपाच लाखांहून जास्त निघाले. त्यांत महाराष्ट्रातले सुमारे ४१ हजार होते.

करमणुकीच्या जगातही थोडा उजेड पडतो आहे. पूर्वी तृतीयपंथी पडद्यावर यायचे ते हसवायला, नाहीतर भीती दाखवायला. २०१७ साली गौरी सावंत एका जाहिरातीत दिसल्या. त्या स्वतः तृतीयपंथी. आई वारलेल्या एका मुलीला त्यांनी आपली लेक म्हणून वाढवले. जाहिरातीत होती ती हीच मायलेकींची गोष्ट. लोक ती पाहून रडले. पुढे २०२३ साली त्यांच्या आयुष्यावर 'ताली' ही मालिका आली. ती काढली 'नटरंग' काढणाऱ्या रवी जाधवांनीच. त्यात गौरींचे काम सुश्मिता सेन यांनी केले. पण २०२० साली सुरू झालेल्या 'कारभारी लयभारी' या मालिकेत गंगा या तृतीयपंथी कलाकाराने स्वतः काम केले. म्हणजे दुसऱ्याने आपले सोंग घेण्याची वाट बघावी लागली नाही.

पण पडदा एवढेच करू शकतो. पडद्यावरच्या आईला बघून रडणे सोपे. आपल्या ओट्यावर आलेल्या माणसाला पाण्याचा तांब्या देणे अवघड. खरी परीक्षा तिथे आहे.

मग आपण काय करावे? ती माणसे स्वतःचे जे नाव सांगतात, त्या नावाने हाक मारावी. घाण शब्द बोलू नये, पोरांनाही बोलू देऊ नये. घर भाड्याने द्यावे, काम द्यावे. काम मिळाले तर टाळी वाजवून मागायची वेळ कशाला येईल? आणि सर्वांत मोठी गोष्ट, आपल्या पोटच्या पोराला घराबाहेर काढू नये. घर सुटले की शाळा सुटते, शाळा सुटली की रस्ताच उरतो.

त्या बाईंना आम्ही एवढेच म्हणालो, "बाई, पोर पुढे कोण होईल ते आज कोणी सांगू नये. ते त्याचे त्याला कळेल. आज त्याला मारू देऊ नका आणि शाळा सोडू देऊ नका."

बाई काही बोलल्या नाहीत. पुढच्या आठवड्यात त्या वर्गाला आल्या तेव्हा पोरगा बरोबर होता. हातात बांगड्या होत्या. तो पाटी घेऊन आईशेजारी बसला. वर्गात कोणी हसले नाही.