जस्त आणि मनाची मरगळ

आमच्या चिंचवड परिसरात जस्ताची वाण नाही. औद्योगिक वसाहतीत शिरले की प्लेटिंगचे लहानमोठे कारखाने दिसतात. तेथे नट-बोल्टांवर जस्ताचा मुलामा चढत असतो. घरातली जुनी बादली जस्ती, शेडवरचा पत्राही जस्ती. असे असूनही इथल्या कित्येकांच्या अंगात हाच धातू कमी पडत असेल, असे कला शाखेच्या विद्यार्थ्याने म्हटले तर परप्रांतात घुसखोरी केल्याचा आरोप व्हायचा. पण मी मानसशास्त्राचा विद्यार्थी आहे आणि मनाचा माग काढता काढता मला या धातूपाशी येऊन थांबावे लागले. (कारखान्यातला जस्ताचा धूर छातीत गेल्याने ही उणीव भरून निघत नाही, हे आधीच सांगतो. त्याने हुडहुडी भरून ताप मात्र येतो.)

माणसाच्या शरीरात सारे मिळून दोन ते तीन ग्रॅम जस्त असते. एवढ्याशा भांडवलावर तीनशेहून अधिक विकरांचे काम चालते. शिवाय लोहासारखी त्याची मोठी कोठी शरीरात नाही. रोज मिळवावे आणि रोज खर्चावे, असा हातावर पोट असलेल्या माणसासारखा व्यवहार.

माणसाला जस्त कमी पडू शकते, हे दाखवून देणारे डॉक्टर मूळचे बिहारचे, आनंद प्रसाद. इराणमधील शिराझ येथे त्यांच्यासमोर एकवीस वर्षांचा एक तरुण आला. दिसायला जेमतेम दहा वर्षांचा. वाढ खुंटलेली, रक्त कमी, बुद्धीला जडत्व आलेले. त्याचे खाणे म्हणजे मुख्यतः न आंबवलेली रोटी, आणि त्यावर माती! अशा रुग्णांविषयी प्रसादांनी 1961 मध्ये लिहिले आणि पुढे इजिप्तमध्ये काम करून 1963 मध्ये जस्ताच्या उणिवेचा पुरावा मांडला. तरीही पुष्कळ दिवस तज्ज्ञांना ते पटेना. अमेरिकेत रोजच्या आहारातील आवश्यक घटकांच्या यादीत जस्ताचे नाव यायला 1974 साल उजाडले.

आता मेंदूकडे वळू. स्मृतीशी संबंधित असलेल्या हिप्पोकॅम्पस या भागात काही चेतापेशींच्या टोकाशी जस्त साठवलेले असते. एक पेशी दुसरीला ग्लुटामेट या रसायनाद्वारे निरोप धाडते तेव्हा त्याबरोबर जस्तही बाहेर पडते आणि तो निरोप फार तीव्र होऊ नये याची काळजी घेते. उणिवेचा परिणाम किती लवकर दिसतो, हे 1975 मध्ये हेन्किन व त्यांच्या सहकाऱ्यांनी नोंदवले. हिस्टिडीन नावाचे द्रव्य दिल्यामुळे काही रुग्णांच्या शरीरातून जस्त झपाट्याने बाहेर गेले. आधी अन्नावरची वासना उडाली, चव आणि वास बिघडला. मग मनःस्थिती पालटली, चालताना तोल जाऊ लागला. जस्त दिल्यावर हे सारे ओसरले.

नैराश्याच्या बाबतीत मात्र जपून बोलले पाहिजे. निराश रुग्णांच्या रक्तात जस्त सरासरीने कमी आढळते, हे अनेक अभ्यासांत दिसले आहे. पण निराश माणूस जेवतही कमी. मग आधी काय आणि नंतर काय? यावर अजून एकमत नाही.

आपल्या देशात 2016 ते 2018 या काळात झालेल्या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात दहा ते एकोणीस वर्षांच्या मुलामुलींपैकी 32 टक्क्यांमध्ये जस्ताची उणीव आढळली. म्हणजे आपल्यापैकी कित्येकजण याच वयाचे! पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने शाळकरी मुलींवर केलेला एक प्रयोग 2009 मध्ये प्रसिद्ध झाला. आहारातून आणि यशदभस्मातून जस्त पुरवल्यावर मुलींची स्मृती, प्रतिसादाचा वेग आणि मिठाची चव ओळखण्याची शक्ती यांत सुधारणा दिसली. इतरत्र झालेल्या सर्वच प्रयोगांत बुद्धीला असा लाभ दिसलेला नाही, हेही सांगायला हवे.

गोम आपल्या ताटातच आहे. ज्वारी, बाजरी, गहू, डाळी यांत जस्त आहे, पण त्यांतले फायटेट ते धरून ठेवते आणि आतड्याला सहज घेऊ देत नाही. धान्य आंबवले किंवा कडधान्याला मोड आणले की ही पकड सैल होते. आपल्या आज्यांची आंबील आणि मोडाची मटकी या दृष्टीने फार शहाणपणाची होती. मटण व अंड्यातले जस्त सहज अंगी लागते. तीळ आणि भोपळ्याच्या बियांतही ते बरेच असते. गावाकडून येऊन खोली करून राहणारा, संध्याकाळी चहा-पाव आणि रात्री वडापाव यांवर दिवस काढणारा विद्यार्थी पहिल्या तासाला पेंगतो, तेव्हा आपण त्याला सरसकट आळशी म्हणतो. मला हा शब्द आता जड जातो. घरी सर्वांच्या शेवटी जेवायला बसणाऱ्या मैत्रिणींविषयी तर अधिकच.

म्हणून कोणी लगेच औषधाच्या दुकानात धावू नये. प्रौढ पुरुषाला दिवसाला 17 मिलिग्रॅम आणि स्त्रीला सुमारे 13 मिलिग्रॅम जस्त लागते, असे भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेचे 2020 चे प्रमाण आहे. गोळ्यांतून फार दिवस जादा जस्त घेतले तर शरीरातले तांबे घटते आणि त्याचा त्रास पुन्हा नसांनाच होतो. महिनोन्‌महिने खिन्न असलेल्या मित्राला तर मानसोपचारतज्ज्ञाकडेच न्यावे. तिथे गोळीची शिफारस आपण करू नये. रक्ताच्या एका तपासणीवरही फार विसंबता येत नाही. जेवणानंतर रक्तातले जस्त उतरते, साध्या तापातही उतरते. त्यामुळे आकड्याबरोबर ‘रोज काय जेवता?’ हा प्रश्नही डॉक्टरांना विचारावा लागतो.