काटा चुकतो कोठे?
परदेशातून आणलेल्या मोटारीच्या स्पीडोमीटरची दुरुस्ती

जपान आणि ब्रिटन या दोन्ही देशांत वाहने रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतात. त्यामुळे जपानमध्ये वापरलेली मोटार ब्रिटनमध्ये नेली तर स्टिअरिंगची बाजू बदलावी लागत नाही. अडचण येते ती स्पीडोमीटरची. जपानी मोटारीच्या तबकडीवर ताशी किलोमीटरचे आकडे असतात, तर ब्रिटनमधल्या रस्त्यांवरच्या पाट्या ताशी मैलांच्या असतात. पाटीवर ३० लिहिलेले पाहून चालकाने काटा ३० वर ठेवला, तर मोटार ताशी जेमतेम १९ मैलांनी जाईल.

हा घोटाळा उलट्या दिशेने झाला तर मात्र जिवावर बेतू शकतो. मैलांची तबकडी असलेली अमेरिकन मोटार किलोमीटर वापरणाऱ्या देशात गेली आणि ५० ची पाटी पाहून काटा ५० वर ठेवला, तर खरा वेग ताशी ८० किलोमीटर होतो. वेग १.६ पट वाढला की गतिज ऊर्जा त्याच्या वर्गाच्या प्रमाणात, म्हणजे सुमारे २.६ पट वाढते. ब्रेक दाबल्यानंतर मोटार थांबेपर्यंतचे अंतरही जवळपास तितकेच पट होते. म्हणून स्पीडोमीटर मैल दाखवील अशी व्यवस्था केल्याशिवाय ब्रिटनमध्ये अशी मोटार रस्त्यावर आणता येत नाही.

मग ही दुरुस्ती कशी करायची? काटा उपसून थोडा अलीकडे-पलीकडे बसवला की झाले, असे पुष्कळांना वाटते. बहुतेक वेळा हा उपाय चुकीचा असतो. का, ते समजण्यासाठी स्पीडोमीटर नेमके काय मोजतो ते पाहू.

वेग नव्हे, फेरे

स्पीडोमीटरला रस्ता दिसत नाही. त्याला फक्त फेरे कळतात. गिअरबॉक्समधल्या एका छोट्या दातेरी चाकाला जोडलेली लवचीक केबल चाकांच्या वेगाच्या प्रमाणात फिरते. (जुन्या स्कूटरच्या पुढच्या चाकापासून निघणारी अशीच केबल आपण पाहिली आहे.) जपानी प्रमाणकानुसार मोटार एक किलोमीटर गेली की ही केबल ६३७ वेळा फिरते. अमेरिकेत मैलामागे १००० फेरे ही पद्धत रूढ झाली.

केबलच्या दुसऱ्या टोकाला, तबकडीच्या मागे, एक चुंबक फिरतो. त्याच्यावर, त्याला स्पर्श न करणारी अ‍ॅल्युमिनियमची वाटी असते. अ‍ॅल्युमिनियम चुंबकाला चिकटत नाही. पण चुंबक फिरू लागला की वाटीत भोवऱ्यासारखे विद्युतप्रवाह निर्माण होतात आणि वाटी चुंबकामागे ओढली जाते. ही ओढ फिरण्याच्या वेगाच्या प्रमाणात असते. एक बारीक स्प्रिंग वाटीला मागे खेचते, आणि स्प्रिंगची ओढ वाटी किती अंशांतून वळली त्या प्रमाणात असते. दोन्ही ओढी सारख्या झाल्या की वाटी, आणि तिला जोडलेला काटा, स्थिर होतो. म्हणजेच काट्याचा कोन वेगाच्या प्रमाणात राहतो. ओटो शुल्झे या जर्मन अभियंत्याने १९०२ साली या रचनेचे पेटंट घेतले.

पुढे केबलच्या जागी विजेचे ठोके आले. अनेक जपानी मोटारींत एका फेऱ्याला चार, म्हणजे किलोमीटरला २५४८ ठोके मीटरकडे जातात. साधन बदलले, पण तत्त्व तेच राहिले: फेरे मोजायचे आणि 'एका फेऱ्यात चाक अमुक इतके अंतर जाते' असे गृहीत धरायचे.

दोन साक्षीदार

मोटारीत स्पीडोमीटरबरोबर आणखी एक मापक असतो: एकूण किती अंतर कापले ते दाखवणारा ओडोमीटर. हा त्याच केबलवर चालतो, पण त्यात चुंबक किंवा स्प्रिंग नसते. तो केवळ दातेरी चाकांनी फेरे मोजतो. चूक कोठे आहे ते शोधण्याची किल्ली इथेच आहे.

आधी ओडोमीटर तपासावा. रस्त्याकडेच्या दगडांवरून १० किलोमीटर जावे आणि ओडोमीटर किती दाखवतो ते पाहावे. मग सरळ, मोकळ्या रस्त्यावर वेग स्थिर ठेवून काटा तपासावा. वेळ सेकंदांत मोजली तर एका किलोमीटरसाठी

ताशी वेग = ३६०० ÷ सेकंद.

६० सेकंद लागले तर वेग ६०, ४५ लागले तर ८०. घड्याळ दाबताना अर्ध्या सेकंदाची चूक सहज होते आणि ६० सेकंदांत ती सुमारे ०.८ टक्के भरते. म्हणून एकाऐवजी पाच किलोमीटर मोजावेत. आता फोनमधील उपग्रहांवर आधारलेला वेगही वापरता येतो. स्थिर वेगाला तो चांगला विश्वासार्ह असतो. नोंदी मात्र शेजारी बसलेल्याने घ्याव्यात, चालकाने नव्हे.

आता अर्थ लावू. काटा आणि ओडोमीटर दोघेही सारख्याच प्रमाणात चुकत असतील, तर दोष मीटरच्या आधी, म्हणजे टायर, दातेरी चाक किंवा ठोके देणाऱ्या भागात आहे. ओडोमीटर बरोबर पण काटा चुकीचा असेल, तर दोष मीटरच्या आत आहे. चुंबक क्षीण झाला की काटा कमी दाखवतो, स्प्रिंग सैल पडली की जास्त.

दुसरी खूण आलेखातून मिळते. समजा, खरे वेग ४०, ६० आणि ८० असताना दोन मोटारींचे काटे असे आहेत:

मोटार अ : ४४, ६६, ८८
मोटार ब : ४५, ६५, ८५

'ब'ची चूक सगळीकडे ५ आहे. इथे काटा दांड्यावर तिरका बसला आहे, आणि तो उपसून नीट बसवणे हाच उपाय. 'अ'ची चूक मात्र सगळीकडे १० टक्के आहे. तिचा काटा ६० ला जुळवण्यासाठी ६ ने मागे बसवला, तर खऱ्या ८० ला तो ८२ दाखवील आणि खऱ्या ३० ला २७. मोठ्या वेगाला तो जास्त दाखवील आणि नेमका शाळेजवळच्या, गल्लीबोळातल्या कमी वेगाला कमी. जिथे सावधपणा सर्वांत जास्त हवा तिथेच तो चालकाला फसवील. नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांना y = mx + c हे समीकरण शिकवताना याहून चांगले उदाहरण मिळणे कठीण. 'ब'मध्ये c बिघडला आहे, 'अ'मध्ये m.

टायरचा हिशोब

आणलेल्या मोटारीचे टायर बदललेले असण्याचा संभव बराच असतो. टायरवर '१९५/६५ आर १५' असे लिहिलेले असते. १९५ ही टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये. ६५ म्हणजे टायरच्या भिंतीची उंची रुंदीच्या ६५ टक्के, म्हणजे १२६.७५ मिलिमीटर. १५ हा रिमचा व्यास इंचांत, म्हणजे ३८१ मिलिमीटर. तेव्हा पूर्ण व्यास ३८१ + (२ × १२६.७५) = ६३४.५ मिलिमीटर आणि परीघ सुमारे १.९९ मीटर. त्याऐवजी '२०५/६५ आर १५' बसवला तर व्यास ६४७.५ होतो, म्हणजे २ टक्क्यांनी मोठा. चाक एका फेऱ्यात जास्त अंतर जाते, पण मीटरला ते कळत नाही. काटा खऱ्यापेक्षा कमी दाखवतो आणि ओडोमीटरही.

गंमत अशी की १६ इंची रिमवरचा '२०५/५५ आर १६' हा टायर ६३१.९ मिलिमीटर व्यासाचा, म्हणजे पहिल्यापेक्षा किंचित लहानच भरतो. रिम मोठी म्हणून चाक मोठे, असे नसते. झीजही हिशोबात येते. आठ मिलिमीटर खोल नक्षी १.६ पर्यंत झिजली की त्रिज्या ६.४ मिलिमीटरने, म्हणजे सुमारे २ टक्क्यांनी घटते, आणि काटा तितका जास्त दाखवू लागतो.

केबल असलेल्या मोटारीत यावर उपाय म्हणजे दातेरी चाक बदलणे. पण दात पूर्णांकातच असतात. २० दातांच्या जागी २१ दातांचे चाक बसवले तर केबल ४.८ टक्के हळू फिरते. दोन टक्क्यांची चूक अशा पायरीने सुधारत नाही. तिथे योग्य मापाचा टायर हाच खरा उपाय. अलीकडच्या मोटारींत टायरचे माप संगणकात साठवलेले असते आणि ते योग्य उपकरणानेच बदलता येते.

किलोमीटरचे मैल

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. जपानी मोटार मैल दाखवील असे करण्याचे तीन मार्ग आहेत.

पहिला, तबकडीचा कागद बदलणे. ४८.३ किलोमीटरच्या जागी ३० मैलांची खूण, ११२.७ च्या जागी ७० ची. आतल्या यंत्राला हात लागत नाही आणि ओडोमीटर पूर्वीसारखाच किलोमीटर मोजत राहतो.

दुसरा, मैलांचे वेगळे मीटर बसवणे. इथे आधी फेऱ्यांचा हिशोब करावा. किलोमीटरला ६३७ म्हणजे मैलाला सुमारे १०२५ फेरे. मीटर मैलाला १००० फेऱ्यांचे असेल, तर ते वेग आणि अंतर दोन्ही अडीच टक्के जास्त दाखवील.

तिसरा, ठोके कमी करणारे छोटे इलेक्ट्रॉनिक मंडल मीटरच्या तारेत जोडणे. ते दर १००० ठोक्यांपैकी सुमारे ६२१ च पुढे सोडते. तबकडी तीच राहते, पण ७० चा अर्थ आता ७० मैल. ते फक्त मीटरच्या तारेत हवे. इंजिन आणि गिअर सांभाळणाऱ्या संगणकाकडे जाणारे ठोके कमी झाले तर त्यालाही मोटार हळू चालली आहे असे वाटेल.

या मार्गात एक सापळा आहे. ओडोमीटरही त्या क्षणापासून मैल मोजू लागतो. समजा, तेव्हा त्यावर ८०,००० किलोमीटर होते आणि नंतर मोटार १०,००० मैल चालली. ओडोमीटर ९०,००० दाखवील. पण खरे अंतर ९६,०९३ किलोमीटर किंवा ५९,७१० मैल आहे. ९०,००० हा आकडा कशाचाच नाही. म्हणून बदल केला त्या दिवसाची तारीख आणि आकडा मोटारीच्या कागदपत्रांत लिहून ठेवणे हा दुरुस्तीचाच भाग आहे. तो न लिहिणे म्हणजे पुढच्या खरेदीदाराची फसवणूक.

प्रत्येक चूक हा दोष नव्हे

शेवटी एक सावधगिरी. संयुक्त राष्ट्रांच्या युरोपीय आर्थिक आयोगाचा ३९ क्रमांकाचा नियम असा आहे की मोटारीचा काटा खऱ्या वेगापेक्षा कधीही कमी दाखवता कामा नये. जास्त दाखवला तर चालतो, पण वेगाच्या १० टक्के अधिक ताशी ४ किलोमीटर इतकाच. खऱ्या १०० ला ११४ पर्यंतचे वाचन नियमात बसते. टायर नवा असो वा जुना, काटा कमी दाखवू नये म्हणून उत्पादक तो मुद्दाम थोडा पुढे ठेवतात. ओडोमीटर अचूक आहे आणि काटा खऱ्या १०० ला १०४ दाखवतो, तर काहीही करू नये. तो सुधारण्यासाठी ठोके किंवा दात बदलले, तर बरोबर असलेला ओडोमीटर बिघडेल.

वर्गात करण्यासारखे

१. सायकलच्या टायरवर खडूने खूण करा. सायकल ढकलत चाकाचे दहा फेरे होऊ द्या आणि जमिनीवरचे अंतर मोजा. हाच प्रयोग कोणी सायकलवर बसले असताना आणि हवा थोडी कमी करून करा. किलोमीटरला किती फेरे होतील, आणि फरक किती टक्के येतो?

२. अ‍ॅल्युमिनियमचे हलके झाकण दोऱ्याने आडवे टांगा. ते चुंबकाला चिकटत नाही हे आधी दाखवा. मग त्याच्याखाली जोरदार चुंबक वेगाने फिरवा. झाकण त्याच्यामागे फिरू लागेल. 'हे वाऱ्यामुळे झाले' असे एखादा विद्यार्थी म्हणेल, आणि त्याने म्हणायलाच हवे. मध्ये पुठ्ठा धरून प्रयोग पुन्हा करा.

थर्मामीटर असो, तराजू असो वा स्पीडोमीटर, प्रत्येक मापकाच्या पोटात काहीतरी गृहीत धरलेले असते. मापक चुकला की आधी काटा हलवू नये. कोणते गृहीत मोडले ते शोधावे.