पान लागलं तर

पान लागलं, म्हणजे साप चावला, की पहिली चूक बहुधा मदतीला धावलेली माणसंच करतात. कुणी दोरी आणतं, कुणी ब्लेड.

आधी चावलेल्या माणसाला आपण आडवं करावं आणि धीर द्यावा. त्याला चालवू नये. सूज येण्याआधी जोडवी, पैंजण, अंगठी, बांगड्या काढून ठेवाव्यात.

मग दोरीची गोष्ट. करकचून बांधलं की विष अडतं, हा सर्वांत घातक समज. रक्तपुरवठा तुटून पाय काळा पडू शकतो. आणि दवाखान्यात गाठ एकदम सोडली, तर अडकलेलं विष एका झटक्यात अंगात जातं. त्याऐवजी हाड मोडल्यावर देतात तसा फळीचा आधार देऊन पाय सैलसर कापडाने बांधावा. कुणी आधीच आवळून बांधलं असेल, तर ते डॉक्टरांनाच सोडू द्यावं.

जखम कापणं, चोखणं यातलं काहीही करू नये. घोणस आणि फुरसे यांच्या विषाने रक्त गोठत नाही. तिथे ब्लेडचा काप म्हणजे न थांबणारा रक्तस्राव.

कडुनिंबाचा पाला चावायला देऊन ‘कडू लागतोय ना? मग चढलं नाही’ असं ठरवणारे तर गावोगाव आहेत. मण्यार रात्री, जमिनीवर झोपलेल्याला चावते. दुखत नाही, व्रणही कधी दिसत नाही. पहाटे पोटात कळा येतात, पापण्या मिटू लागतात, पुढे श्वास अडतो. पाल्याची चव यातलं काहीच सांगत नाही.

मांत्रिकाकडे माणसं बरी होतात, हे मात्र खरं. आपल्याकडचे बहुतेक साप बिनविषारी, आणि विषारी सापही दर वेळी विष सोडतोच असं नाही. श्रेय मंत्राला मिळतं, तेवढंच.

१०८ला फोन करावा. गाडी हाताशी असेल तर थेट निघावं. साप मारून नेण्याची गरज नाही. नाग, मण्यार, घोणस, फुरसे या चौघांवर एकच प्रतिविष चालतं. प्रतिविष म्हणजे घोड्यांना थोडं थोडं विष टोचून त्यांच्या रक्तातून मिळवलेला उतारा.

रुग्णालयात काचेच्या कोरड्या नळीत थोडं रक्त घेऊन वीस मिनिटं न हलवता ठेवतात. ते गोठलं नाही, तर प्रतिविष शिरेतून सुरू करतात. मूल लहान म्हणून डोस कमी करत नाहीत: सापाने सोडलेलं विष मुलाच्या वजनाप्रमाणे कमी झालेलं नसतं.