‘झेवियर’ या नांवाचें मूळ

गोव्यांत घरोघरीं परिचित असलेलें ‘झेवियर’ हें नांव मुळांत एका घराचें आहे. पिरेनीज पर्वताच्या पश्चिम टोकास राहणाऱ्या बास्क लोकांच्या भाषेंत ‘एचे’ म्हणजे घर आणि ‘बेरी’ म्हणजे नवें. या ‘एचेबेरी’चेंच रूप शेजारच्या लॅटिनोद्भव बोलींत पालटून ‘झेवियर’ झालें. नवारा राज्यांतील त्या नांवाच्या गढींत १५०६ सालीं जन्मलेले संत फ्रान्सिस १५४२ सालीं गोव्यास आले.

‘एचेव्हेरिया’ हें बास्क आडनांव त्याच शब्दाचें भावंड होय. बास्क मनुष्य बहुधा घराच्या नांवानें ओळखला जाई. घरांतील कुळ बदललें तरी नांव टिके. म्हणून दोन एचेव्हेरियांचें रक्त एकच असेल असें मानूं नये; नवीं घरें गांवोगांव उभीं राहतात.